“आपले आभार, आपण जाऊ शकता”: ज्युरीची निवड, वय आणि अपंगत्व

सात नंबरच्या खुर्चीवर बाबा बसले होते. बाबा म्हणजे माझे सासरे. वय ७४, दोन्ही कानांना यंत्र, पुण्यात उभी हयात लेथ मशिनवर गेलेली, आणि आता आमच्याकडे कॅलिफोर्नियात. इथलं नागरिकत्व मिळाल्यावर दोन-तीन वर्षांत त्यांना ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचं, समन्स आलं. “कोर्टानं बोलावलंय. साक्षीला नाही, न्याय करायला,” असं त्यांनी पुण्यातल्या तीन-चार जणांना फोन करून सांगितलं.

खटला दिवाणी होता. दुकानातल्या ओल्या फरशीवरून एक वयस्कर बाई घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. ज्युरीची निवड उघड्या कोर्टात होते, म्हणून मी मागच्या बाकावर बसून होते. बाबांनी आधीच कळवलं होतं, त्यामुळे कोर्टाने त्यांना गळ्यात घालायचं एक छोटं यंत्र दिलं होतं. माइकवरचा आवाज त्यातून थेट त्यांच्या कानातल्या यंत्रात येत होता. न्यायाधीशांचे सगळे प्रश्न त्यांनी पहिल्या फटक्यात ऐकले आणि उत्तरं दिली.

मग दुकानाच्या बाजूचे वकील उठले. इतरांना त्यांनी नोकरी, शिक्षण, कधी दावा लावलाय का, असं विचारलं. बाबांपाशी आल्यावर त्यांचा आवाज चढला आणि शब्द सुटे सुटे झाले. “सर, तुम्हाला सगळं ऐकू येतंय ना?” येतंय. “नक्की?” नक्की. “दिवसभर बसवेल?” बाबा म्हणाले, चाळीस वर्षं आठ-आठ तास उभा राहून काम केलंय, बसायला काय होतंय. थोड्या वेळाने तेच वकील न्यायाधीशांकडे वळले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, सात नंबरच्या ज्युररचे आम्ही आभार मानतो, त्यांनी जावं.

कारण कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. बाबांनी गळ्यातलं यंत्र काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली, खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि बाहेर आले. गाडीत बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “माझं काय चुकलं?”

काही चुकलं नव्हतं. पण हे त्यांना पटेल असं सांगायला मला बरंच वाचावं लागलं. मी वकील नाही. जे समजलं ते इथे मांडते आहे. अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी घरांत असं समन्स कधी ना कधी येतं, आणि आपल्या घरातले ज्येष्ठ किंवा अपंग माणूस त्या खुर्चीपर्यंत पोचलं तर तिथे काय होतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

ज्युरी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना बहुतेक नानावटी खटल्यामुळे ठाऊक असतं. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शिक्षा झाली. त्या एका खटल्याने ज्युरी बंद पडली असं आपण ऐकत आलो आहोत, पण ज्युरी रद्द करावी अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ सालीच केली होती. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी उरलीच नाही. ब्रिटिशांनी १८९८ साली केलेल्या संहितेत ज्युरर म्हणून बोलावायचे ते २१ ते ६० वयाचे पुरुष. म्हणजे ‘न्याय करायला लायक कोण’ याची चौकट तिथेही आखलेली होतीच. पाचामुखी परमेश्वर म्हणायचं, आणि ते पाच कोण हे मात्र आधीच ठरवून टाकायचं.

अमेरिकेत ज्युरी अजून जोरात आहे. दिवाणी खटल्यातही आहे. निवडीची रीत थोडक्यात अशी. मतदारयाद्या आणि बहुतेक राज्यांत वाहन परवान्यांच्या याद्या एकत्र करून त्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढतात. समन्स जातं. माणसं येतात, मोठ्या हॉलमध्ये बसतात, त्यातला एक गट एखाद्या कोर्टात पाठवला जातो. तिथे न्यायाधीश आणि दोन्हीकडचे वकील प्रश्न विचारतात, आणि मग माणसं गाळायला सुरुवात होते.

गाळण्याचे प्रकार दोन. पहिला सकारण नकार. हा माणूस आरोपीचा मेहुणा आहे, याने आधीच मत बनवलंय, याला खटला समजण्याइतकी भाषा येत नाही, असं काही कारण वकील न्यायाधीशांपुढे मांडतात. न्यायाधीशांना पटलं तरच तो माणूस जातो. असे नकार कितीही मागता येतात. दुसरा प्रकार बिनकारणी नकार. प्रत्येक बाजूला ठरावीक संख्येने माणसं काढता येतात, आणि का काढलं ते सांगावं लागत नाही. संघराज्याच्या, म्हणजे राज्यांच्या नव्हे तर केंद्राच्या, न्यायालयात गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात सरकारी वकिलांना असे सहा नकार मिळतात, आरोपीला दहा. फाशीची शक्यता असेल तर दोघांनाही वीस वीस. कॅलिफोर्नियातल्या साध्या दिवाणी दाव्यात दोन्ही बाजूंना सहा सहा. बाबांना मिळाल्या त्या या दुसऱ्या प्रकारातल्या वाटाण्याच्या अक्षता.

कारण सांगायचं नसतं, म्हणून पूर्वग्रहाला राहायला ही सगळ्यात सोयीची जागा. अमेरिकेने हे आधी वर्णाच्या बाबतीत पाहिलं. केंटकी राज्यात जेम्स बॅट्सन या कृष्णवर्णीय माणसावर घरफोडीचा खटला होता. सरकारी वकिलाने बिनकारणी नकार वापरून यादीतल्या चारही कृष्णवर्णीयांना काढलं आणि सगळी गोरी ज्युरी बसवली. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, हे चालणार नाही. तेव्हापासून रीत अशी की समोरच्या वकिलाने हरकत घेतली आणि प्रथमदर्शनी संशयाला जागा दिसली, तर नकार देणाऱ्याने वर्णाशी संबंध नसलेलं कारण सांगायचं. ते खरं की बनाव, हे न्यायाधीशांनी ठरवायचं. १९९१ मध्ये हाच नियम दिवाणी खटल्यांना लागू झाला. १९९४ मध्ये अलाबामातल्या एका पितृत्वाच्या खटल्यात राज्य सरकारने दहापैकी नऊ नकार पुरुषांवर खर्च केले होते. त्या प्रकरणात लिंगावरून काढायलाही बंदी आली.

वर्ण झाला, लिंग झालं. मग वय आणि अपंगत्व का नाही?

याचं उत्तर अमेरिकी न्यायालयांच्या एका पायऱ्यांच्या हिशोबात आहे. सरकार जेव्हा माणसामाणसांत फरक करतं, तेव्हा तो फरक न्यायालय किती कसून तपासणार हे फरक कशावरून केलाय त्यावर ठरतं. वर्णावरून असेल तर सगळ्यात कडक तपासणी. लिंगावरून असेल तर मधली. बाकी बहुतेक गोष्टींत फक्त एवढंच बघतात की या फरकाला काही वाजवी कारण सुचतंय का. आणि कारण तर कशालाही सुचतं. १९७६ साली मॅसॅच्युसेट्सच्या रॉबर्ट मर्जिया या पोलिसाचं प्रकरण आलं. प्रकृती उत्तम, तरी पन्नाशीला सक्तीची निवृत्ती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वयस्कर लोकांना वर्णभेदासारखा जाणूनबुजून केलेल्या छळाचा इतिहास नाही, तेव्हा वय सगळ्यात खालच्या पायरीवर. १९८५ साली टेक्सासमधल्या क्लीबर्न गावचं प्रकरण आलं. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या वसतिगृहाला गावाने परवानगी नाकारली होती. न्यायालयाने निकाल वसतिगृहाच्या बाजूने दिला, पण जाता जाता अपंगत्वालाही त्याच खालच्या पायरीवर ठेवलं.

ज्युरीच्या निवडीत कनिष्ठ न्यायालयांनी हाच हिशोब उचलला. बॅट्सनचं संरक्षण वरच्या दोन पायऱ्यांवरच्यांना, खालच्यांना नाही. १९९९ साली शिकागोच्या सातव्या सर्किट न्यायालयापुढे, म्हणजे संघराज्याच्या एका अपील न्यायालयापुढे, हॅरिस नावाचं प्रकरण आलं. सरकारी वकिलाने एका कृष्णवर्णीय बाईंना काढलं होतं. हरकत आल्यावर कारण सांगितलं की त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, औषधांनी गुंगी येऊ शकते. न्यायालयाने ते मान्य केलं. अपंगत्वावरून काढायला बॅट्सनची आडकाठी नाही, असा निकाल झाला.

इथे मी बराच वेळ थांबले, कारण यातली मेख नीट बघायला हवी. त्या बाईंना खरंच गुंगी येत असेल आणि पुरावा ऐकता येणार नसेल, तर सकारण नकाराचा रस्ता मोकळा होता. न्यायाधीशांना सांगायचं, त्यांनी बाईंना विचारलं असतं की औषध किती वाजता घेता, मध्ये सुट्टी दिली तर चालेल का, वेळ बदलता येईल का. उत्तरं ऐकून निर्णय झाला असता. बिनकारणी नकार लागतो तो अशी विचारपूस करायची नसेल तेव्हाच. वय आणि अपंगत्वाबद्दल माझं म्हणणं यातच येतं. खरी अडचण असेल तर तिच्यासाठी दार आधीच आहे. दुसऱ्या दारातून बहुतेक अंदाजच बाहेर काढले जातात, आणि त्या अंदाजाचं ओझं माणूस घरी घेऊन जातो.

शिवाय एक पूर्वग्रह बंद केला आणि दुसरा मोकळा सोडला, की पहिला दुसऱ्याचे कपडे घालून येतो. वर्णावरून काढता येत नाही? मग म्हणायचं, फार तरुण आहे, किंवा आजारी दिसतो. १९९५ च्या पर्केट प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की कारण पटण्यासारखं असलंच पाहिजे असं नाही, ते वर्णाशी जोडलेलं नसलं म्हणजे पुढच्या पायरीला जाता येतं. तिथे दिलेलं कारण होतं ज्युररचे लांब केस आणि दाढी. वय तर त्याहून कितीतरी सभ्य वाटतं.

अंदाज कसले असतात, हे टेक्सासमधल्या डॅलसच्या सरकारी वकिलांच्या जुन्या प्रशिक्षण पुस्तिकेत लिहूनच ठेवलेलं होतं. नव्या वकिलांना त्यात सल्ला होता की अल्पसंख्य समाजातले ज्युरर घेऊ नका, त्यांची आरोपीला सहानुभूती असते. आणि शारीरिक व्यंगांवर लक्ष ठेवा, अशी माणसंही सहसा आरोपीच्या बाजूने झुकतात. पुढे २००५ साली मिलर-एल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कार्यालयाच्या वर्णभेदी सवयींची दखल घेतली. व्यंगांबद्दलच्या त्या ओळीला मात्र कुणी फारसं धरलं नाही. ती ओळ वाचल्यावर मला आमच्या कोर्टातले ते चढ्या आवाजातले प्रश्न आठवले. म्हातारा माणूस पडलेल्या म्हाताऱ्या बाईची बाजू घेणार, एवढंच त्या वकिलांच्या मनात असेल. आणि बाबा? चाळीस वर्षं कारखान्यात काम केलेला माणूस. तिथे घसरून पडणाऱ्याला ते आधी विचारायचे, “बूट घातले होते का?” त्यांचं मत कुठल्या बाजूला गेलं असतं, मला सांगता येत नाही. त्या वकिलांनाही सांगता आलं नसतं.

अमेरिकेतले सुमारे एक चतुर्थांश प्रौढ आपल्याला काही ना काही अपंगत्व आहे असं सांगतात. बारा जणांच्या ज्युरीत सरासरी तीन. त्यातली बरीचशी अपंगत्वं दिसत नाहीत, म्हणून ती माणसं सुखरूप आत जातात. काठी, चाकाची खुर्ची, कानाचं यंत्र, सोबतचा कुत्रा, एवढं दिसलं की माणूस नजरेत येतो.

कोर्टाचं बाहेरचं दार तरी उघडं आहे का? ते उघडायलाही भांडावंच लागलं. डोनाल्ड गॅलोवे हे वॉशिंग्टनमधले अंध गृहस्थ. समन्स आलं म्हणून आपला कुत्रा घेऊन ते कोर्टात गेले. तिथे सांगण्यात आलं, अंध व्यक्तींना आम्ही ज्युरीत घेत नाही, असा नियमच आहे. त्यांनी दावा लावला आणि १९९३ मध्ये जिंकला. कोर्टाचं म्हणणं होतं की साक्षीदाराचा चेहरा दिसल्याशिवाय तो खरं बोलतो की खोटं ते कसं कळणार. निकालाचं सार असं की सरसकट बंदी बेकायदा, माणूस आणि खटला बघून ठरवा. आवाजातला कंप, उत्तराआधीचा थांबा, एकाच गोष्टीचे दोन वेगळे तपशील, हे कानाला कळतं. ज्या देशात डेव्हिड टेटल आणि रिचर्ड केसी यांच्यासारखे अंध न्यायाधीश संघराज्याच्या न्यायासनावर बसले, तिथे अंध ज्युरर चालणार नाही हे म्हणणं टिकणारं नव्हतंच. आपल्याकडे ज्युरी नसली तरी हाच प्रश्न न्यायाधीशांच्या भरतीत आला. मार्च २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशचा दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून वगळणारा नियम रद्द केला. दोन देश, दोन वेगळ्या पद्धती, पण शंका तीच होती आणि उत्तरही तेच निघालं.

गॅलोवेंच्या बाजूने उभा राहिला तो मुख्यतः १९९० चा अपंग हक्क कायदा, ज्याला इथे एडीए म्हणतात. राज्यांच्या आणि स्थानिक न्यायालयांना तो लागू आहे. तो किती लागू, यावरही भांडण झालं. टेनेसी राज्यात जॉर्ज लेन हे चाकाच्या खुर्चीतले आरोपी. कोर्ट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या तारखेला ते दोन जिने सरपटत चढले. दुसऱ्या तारखेला त्यांनी सरपटायलाही आणि उचलून घ्यायलाही नकार दिला, तर गैरहजर म्हणून त्यांना अटक झाली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी लेन यांची बाजू उचलली. अपंगांना ज्युरीतून वगळणं हाही न्यायाचं दार बंद करण्याचाच प्रकार, याची नोंद त्या निकालात आहे. तरी दोन त्रुटी राहिल्या. एक म्हणजे संघराज्याची स्वतःची न्यायालयं एडीएच्या कक्षेत येत नाहीत. दुसरी म्हणजे संघराज्याच्या ज्युरीबद्दलच्या १९६८ च्या कायद्यात वर्ण, रंग, धर्म, लिंग, मूळ देश आणि आर्थिक स्थिती यावरून भेद करू नये असं लिहिलंय. त्या यादीत वय नाही आणि अपंगत्वही नाही.

कर्णबधिर ज्युररची गोष्ट याहून अवघड, कारण तिथे एक जुना नियम आडवा येतो. ज्युरी चर्चेला खोलीत गेली की आत त्या बारांशिवाय कुणी नको. खुणांच्या भाषेचा दुभाषा आत गेला, तर तो तेरावा माणूस झाला. यावर तोडगा साधा आहे, आणि अमेरिकेतल्या अनेक न्यायालयांत तो वापरात आहे. दुभाष्याला शपथ देतात की तो फक्त भाषांतर करील, स्वतःचं मत बोलणार नाही, आतलं बाहेर सांगणार नाही. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने कर्णबधिर ज्युररची निवड ग्राह्य धरली. त्याच वर्षी वेस्टचेस्टर काउंटीच्या एका न्यायालयाने सांगितलं की केवळ ऐकू येत नाही म्हणून बिनकारणी नकारही देता येणार नाही. तो निकाल छोट्या न्यायालयाचा, म्हणून इतरांवर बंधनकारक नाही. तरी वकिलाच्या हातातला बिनकारणी नकारच त्याने तपासला, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

ऑस्ट्रेलियात उलट झालं. क्वीन्सलँडच्या गे लायन्स या कर्णबधिर बाईंना समन्स आलं, त्यांनी दुभाषा मागितला, नाकारला गेला. २०१६ मध्ये तिथल्या हायकोर्टाने, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की ज्युरीच्या खोलीत दुभाष्याला जाऊ देणारा कायदाच नाही, तेव्हा नकार योग्य. इंग्लंड-वेल्समध्ये हीच अडचण होती. ती त्यांनी २०२२ साली कायदा बदलून सोडवली, आता ब्रिटिश खुणांच्या भाषेचा दुभाषा ज्युरीबरोबर आत जातो. एका कलमाचं काम होतं.

वयाचा प्रश्न थोडा निराळा आहे, कारण वयाच्या बाबतीत सूट आणि बंदी यांची नेहमी गल्लत होते. न्यू जर्सीत ७५ वर्षांच्या पुढच्या माणसाला हवं असेल तर सुटका मागता येते. संघराज्याच्या अनेक न्यायालयांत ७० नंतर मागता येते. कॅलिफोर्नियात वयाची वरची मर्यादा नाही, पण सत्तरीनंतर प्रकृतीचं कारण दिलं तर डॉक्टरांचं पत्र लागत नाही. या सवलती चांगल्या आहेत. ज्यांना जमत नाही त्यांनी त्या जरूर घ्याव्यात. इंग्लंडमध्ये मात्र वरची मर्यादा ही बंदीच आहे. ती पूर्वी ७० होती, डिसेंबर २०१६ पासून ७५ वर नेली. एका दिवसाने मोठ्या झालेल्या माणसाची समज त्या दिवसात कशी कमी होते, याचं उत्तर कुणाकडे नाही.

तरुणांनाही हा फटका बसतो, हे सांगायला हवं. १९८५ साली बॉस्टनच्या पहिल्या सर्किट न्यायालयापुढे तक्रार होती की ज्युरीच्या याद्यांत तरुण फार कमी आहेत. न्यायालय म्हणालं, तरुण म्हणजे नेमके कोण, रेघ कुठे मारायची, असे गट पाडायला लागलो तर त्याला अंत नाही. रेघ मारणं कठीण आहे हे खरं. पण एखाद्या वकिलाने एकाच दुपारी विशीतली सगळी किंवा सत्तरीतली सगळी माणसं उठवली, तर ते ओळखायला रेघेची गरज पडत नाही.

मग उपाय काय? मला सगळ्यात जवळचा वाटतो तो आमच्याच राज्यातला, आणि त्याची कमतरताही इथेच दिसली. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दोन गोष्टी आहेत. दृष्टी किंवा श्रवण गेलं, बोलण्याचालण्यात अडथळा आहे, एवढ्याच कारणाने कुणाला ज्युरीसाठी अपात्र ठरवता येत नाही. आणि २०१६ पासून बिनकारणी नकारावरच्या कलमात वय, शारीरिक आणि मानसिक अपंगत्व, आजार हेही आले. ‘हा अमुक गटातला, म्हणून हा पक्षपाती असणार’ या अंदाजावर कुणाला काढता येत नाही. बाबांच्या बाबतीत जे झालं असं मला वाटतं, ते या कलमात जसंच्या तसं बसतं.

पण कलम आपोआप चालत नाही. समोरच्या वकिलाला त्याच क्षणी हरकत घ्यावी लागते. दुकानात घसरलेल्या बाईंचे वकील गप्प राहिले. त्यांच्या लक्षात आलं नसेल, किंवा त्यांनाही पुढे कुणाला तरी असंच काढायचं असेल. ज्युररला स्वतःला तिथे बोलायची सोय नसते. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने वर्ण, लिंग, धर्म वगैरेंसाठी आणखी कडक कलम आणलं. त्यात मनातला हेतू सिद्ध करावा लागत नाही, आणि ठरावीक घासून गुळगुळीत झालेली कारणं मुळातच संशयास्पद धरली जातात. त्या कडक कलमात वय आणि अपंगत्व घातलेलं नाही. ते घालायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा रस्ता ॲरिझोनाने धरला. १ जानेवारी २०२२ पासून त्यांनी बिनकारणी नकार बंदच केले. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. काढायचं असेल तर कारण सांगा, न्यायाधीशांना पटवा. इंग्लंडने हे १९८८ सालीच केलं होतं. बॅट्सनच्या निकालात न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी वेगळं मत लिहून सांगितलं होतं की हे नकार पूर्ण बंद केल्याशिवाय भेदभाव थांबणार नाही. ते वर्णाबद्दल बोलत होते. बाबांच्या खुर्चीलाही ते लागू पडतं.

आणि जोवर हे होत नाही, तोवर प्रश्न विचारण्याची रीत तरी बदलता येते. “तुम्हाला जमेल का?” या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. “तुम्हाला काय लागेल?” असं विचारलं की माणूस नेमकं सांगतो. मोठ्या अक्षरातला कागद, दर तासाला पाच मिनिटं, भिंतीकडची खुर्ची, बोललेलं लगेच पडद्यावर टाइप होऊन दिसणं. आणि हा प्रश्न बाराही जणांना विचारावा, एकट्या काठीवाल्याला नाही. मधुमेहाची गोळी वेळेवर लागणारा पन्नाशीतला माणूसही मग हात वर करील.

मराठी घरांसाठी एक विनंती. समन्सच्या कागदावर सूट मागण्याचा चौकोन असतो, आणि आपण मुलं-सुना तो आई-वडिलांना न विचारता भरून टाकतो. “कशाला त्रास, बाबा?” माझ्या नवऱ्याने पहिल्या वेळी हेच म्हटलं होतं. त्या कागदाबरोबरच गैरसोय टाळण्यासाठी काय हवं ते कळवायची सोयही असते, फॉर्मवर किंवा फोनवर. ते आधीच कळवावं, म्हणजे यंत्र, दुभाषा, जागा यांची तयारी होते. आणि कोर्टात वागणूक खटकली तर ज्युरीच्या कार्यालयाला किंवा कोर्टातल्या एडीए समन्वयकाला लेखी कळवावं. आम्ही कळवलं. निकाल बदलणार नव्हताच, पण पत्र पोचल्याचं उत्तर आलं.

एकदा ज्युरीची हजेरी लागली की कॅलिफोर्नियात किमान वर्षभर पुन्हा बोलावत नाहीत. यंदा पुन्हा पाकीट आलं. माझा नवरा ते उघडेपर्यंत बाबांनी चष्मा लावून कागद टेबलावर पसरला होता. सूट मागण्याचा चौकोन त्यांनी कोरा ठेवला. खाली, काय सोय हवी त्या रकान्यात, ठळक अक्षरात लिहिलं: ऐकण्याचं यंत्र, मागच्या वेळचंच. मग मला म्हणाले, “सूनबाई, कानातल्या बॅटऱ्या आणून ठेव, दोन पाकिटं.”